मक्ता, मक्तेदार आणि सरकार

काशीतील दूधविनायक हा मोहल्ला मराठी वाचकाला अगदीच अपरिचित नसावा. दुग्धविनायकाच्या देवळावरून त्याला हे नाव पडले. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा आणि दूधविनायक हा सारा पट्टा म्हणजे गंगेच्या काठी शतकानुशतके टिकून राहिलेला एक छोटा महाराष्ट्रच आहे. वैदिक, शास्त्री, तीर्थपुरोहित आणि त्यांच्या आधाराने राहणारी कुटुंबे इथे पिढ्यान्पिढ्या नांदली. महाराष्ट्राबाहेर राहूनही मराठीपण कसे जपावे याचा तो एक जुना नमुना आहे आणि म्हणून परप्रांतात वा परदेशात असलेल्या वाचकांना त्याविषयी आपुलकी वाटणे साहजिक आहे. तथापि आज मला या मोहल्ल्याचा उल्लेख एका वेगळ्या कारणासाठी करायचा आहे. आपल्या देशातील मक्तेदारीविरोधी कायदे, त्यांचे वेळोवेळी झालेले पुनर्विलोकन आणि त्यांची अंमलबजावणी हा या लेखाचा विषय आहे आणि त्याची सुरुवात दिल्लीच्या शास्त्री भवनापेक्षा काशीच्या गल्लीतून करणे मला अधिक सयुक्तिक वाटते.

सर्वसाधारण समजूत अशी की, व्यापाऱ्यांच्या संगनमताविरुद्ध कायदा करण्याची कल्पना अमेरिकेत जन्मली. १८९० चा शर्मन कायदा, त्यानंतर १९१४ चा क्लेटन कायदा आणि मग इतर देशांचे अनुकरण, असा क्रम पाठ्यपुस्तकांत दिलेला असतो. आधुनिक कायद्यापुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. पण पैठणहून काशीला गेलेल्या भट्ट घराण्याने, म्हणजे नारायणभट्ट, कमलाकरभट्ट, नीलकंठभट्ट आणि शिवराज्याभिषेकामुळे घराघरांत ठाऊक असलेले गागाभट्ट यांनी, ज्या धर्मशास्त्राच्या अभ्यासात पिढ्या घालवल्या त्या शास्त्रात हा विषय आलेला आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे की, कारागिरांना पीडा होईल असा भाव व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन ठरवला तर त्यांना उत्तमसाहस हा सर्वांत मोठा दंड करावा. बाहेरदेशाहून आलेला माल कमी भावात पदरात पडावा म्हणून सर्वांनी मिळून तो अडवून धरला, किंवा मिळून चढ्या भावाने विकला, तरी दंड तोच. याज्ञवल्क्याच्या हिशेबाने हा दंड १०८० पण होतो. कौटिल्यानेही अर्थशास्त्रात अशा व्यापाऱ्यांसाठी १००० पण दंड सांगितला आहे आणि कारागिरांनी आपसांत ठरवून कामाची प्रत घटवली तर त्यांनाही तितकाच. दोन्ही ग्रंथांत कळीचा शब्द एकच आहे: संभूय, म्हणजे एकत्र येऊन. एकट्याने महाग विकणे आणि सर्वांनी ठरवून महाग विकणे यांतला फरक त्या काळच्या शास्त्रकारांना नेमका कळला होता, असे म्हणावे लागते.

हे वाचून ‘आमच्याकडे सारे आधीच होते’ अशी छाती फुगवण्याचे मात्र कारण नाही. याच ग्रंथांत पुढे भाव ठरवण्याचे काम राजाकडे सोपवले आहे. देशी मालावर शेकडा पाच आणि परदेशी मालावर शेकडा दहा इतका नफा व्यापाऱ्याने घ्यावा, असे प्रमाणही दिले आहे. म्हणजे संगनमतावरचा त्यांचा उपाय खुली स्पर्धा हा नव्हता. राजाने ठरवलेला भाव, ज्याला आपल्या पेशवाईतील कागदांत निरख म्हटले आहे, तो पाळला जावा एवढीच अपेक्षा होती. शिवाय मीठ, खाणी आणि मद्य यांसारख्या किफायतशीर धंद्यांवर कौटिल्याने राज्याचाच ताबा ठेवला होता. व्यापाऱ्यांच्या संगनमताला दंड करणारा राजा स्वतः मात्र त्याच बाजारातला सर्वांत मोठा दुकानदार असे. ही गुंतागुंत आपल्याकडे फार जुनी आहे.

मराठीतील ‘मक्तेदारी’ हा शब्दच पाहा. मक्ता म्हणजे सरकारकडून ठराविक रकमेला घेतलेला वसुलीचा किंवा विक्रीचा हक्क. जकातीचा मक्ता, दारूचा मक्ता, बाजारबैठकीचा मक्ता. दुसऱ्या बाजीरावाच्या काळात तर मामलतीसुद्धा अधिक रक्कम देणाऱ्याला मक्त्याने दिल्या जाऊ लागल्या आणि त्या मामलेदारांनी रयतेकडून काय व कसे वसूल केले याच्या कहाण्या सर्वश्रुत आहेत. इंग्रजीतील शब्द फक्त एकट्या विक्रेत्याचे वर्णन करतो. आपला शब्द हेही सांगून जातो की त्याला एकटा कोणी केला: मक्त्याच्या मागे सरकारचा शिक्का असतो. मला वाटते, या विषयावरचा आपला दीडदोनशे वर्षांचा अनुभव या एका शब्दात साठलेला आहे. पुढील विवेचनात तो शब्द वाचकांनी मनात ठेवावा.

आता प्रश्न असा की, संगनमताविरुद्धची ही जुनी तरतूद गेली कुठे? याचे उत्तर पुन्हा काशीजवळच सापडते. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये न्यायदानाची जी योजना आखली तीत वारसा, विवाह, जात आणि धार्मिक आचार एवढ्यांपुरतेच हिंदूंना शास्त्र लागू राहील असे ठरले. १७९१ मध्ये बनारसचा रेसिडेंट जोनाथन डंकन याने तिथे संस्कृत पाठशाळा स्थापली. (हाच डंकन पुढे १७९५ पासून मुंबईचा गव्हर्नर झाला.) पंडितांनी धर्मशास्त्र सांगावे आणि न्यायालयांनी ते वापरावे हा पाठशाळेमागचा एक हेतू होता. नीलकंठभट्टांचा व्यवहारमयूख मुंबई इलाख्यात, विशेषतः गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात, इतका प्रमाण मानला गेला की दत्तक आणि दायभागाच्या खटल्यांत वकील मंडळी तो तोंडपाठ म्हणत. म्हणजे काशीच्या मराठी पंडिताचे मत मुंबईच्या न्यायालयात चालत होते, पण ते घरातल्या वाटणीपुरते. बाजाराचे प्रकरण कोणी उघडलेच नाही.

ते उघडणे कंपनी सरकारच्या सोयीचेही नव्हते. काशीपासून सुमारे सत्तर किलोमीटरवर गाझीपूरला कंपनीच्या बनारस अफू एजन्सीचा कारखाना १८२० पासून चालू लागला. खसखशीची लागवड परवान्याशिवाय करायची नाही, आगाऊ रक्कम उचलायची आणि निघालेला चीक सरकारने ठरवलेल्या दराने फक्त सरकारलाच घालायचा, अशी ती व्यवस्था होती. विकत घेणारा एक, दर ठरवणारा तोच आणि मोडल्यास शिक्षा करणाराही तोच. १८५७ च्या अफू कायद्याने ही घडी पक्की झाली आणि तो कायदा थेट १९८५ मध्ये अमली पदार्थांचा नवा कायदा येईपर्यंत पुस्तकात राहिला.

या मक्त्याला पहिला खरा धक्का कोणत्याही आयोगाने दिला नाही. तो माळव्याच्या अफूने दिला. शिंदे, होळकर आणि शेजारच्या संस्थानांच्या मुलखात पिकणारी ही अफू कंपनीच्या ताब्याबाहेर होती आणि चीनच्या बाजारात बंगालच्या अफूशी स्पर्धा करीत होती. कंपनीने प्रथम मुंबईतून तिची निर्यात बंद करून पाहिली, मग स्वतःच ती विकत घेऊन लिलावात घालण्याचा उद्योग केला, संस्थानांशी करार केले. माल काही थांबला नाही. राजपुताना आणि सिंधच्या वाटेने, उंटांच्या पाठीवरून तो कराचीला आणि तिथून पोर्तुगीजांच्या दमणला पोचत राहिला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीने हार मानली आणि दर पेटीमागे ठराविक शुल्क घेऊन मुंबईमार्गे माल सोडण्यास सुरुवात केली. अफूच्या व्यापाराचे गोडवे गाण्याचा माझा हेतू नाही. चीनमधील लाखो माणसे त्यात उद्ध्वस्त झाली. पण शिक्क्याच्या जोरावर उभा असलेला मक्ता शिक्का जिथे चालत नाही तिथल्या मालाने कसा मोडतो, याचे इतके स्पष्ट उदाहरण दुसरे नाही.

कंपनीच्या व्यापाराने देशी कारागिराचे काय केले हे सामान्य हिंदी वाचकांपर्यंत पोचवण्यातही काशीच्या एका मराठी माणसाचा वाटा आहे. सखाराम गणेश देऊस्कर या बंगालीत लिहिणाऱ्या मराठी लेखकाच्या ‘देशेर कथा’ या १९०४ च्या पुस्तकाचा हिंदी अनुवाद बाबूराव विष्णू पराडकर यांनी केला. पराडकर काशीत जन्मलेले, पुढे ‘आज’ या दैनिकाचे विख्यात संपादक. मूळ बंगाली पुस्तकावर १९१० मध्ये सरकारने बंदी घातली. मक्तेदाराला आकडेवारीचे किती भय वाटते हे त्यावरून दिसते.

मक्ता केवळ व्यापाऱ्याचा किंवा सरकारचा असतो असेही नाही. दूधविनायकासारख्या मोहल्ल्यांत आणखी एक मक्ता नांदत होता, तो यजमानवृत्तीचा. कोणत्या गावचा यात्रेकरू कोणत्या तीर्थपुरोहिताचा हे पिढ्यान्पिढ्या ठरलेले असे. वह्यांमध्ये वंशावळी असत आणि त्या वह्या हीच मिळकत. आजच्या स्पर्धा कायद्याच्या भाषेत याला प्रदेशवार ग्राहकांची वाटणी म्हणावे लागेल! (त्या वह्यांनी अनेक घराण्यांचा इतिहास जपला हेही तितकेच खरे.) यात्रेकरू काशीला आयुष्यात एकदा जाई, त्यामुळे त्याला याचा जाच फारसा जाणवत नसे. महाराष्ट्रातल्या गावी मात्र हाच हक्क वतनदार जोशाच्या रूपाने दारात उभा होता. इंग्रजी अमदानीत मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी जोशीपण हे वतन, म्हणजे मालमत्ता, मानले. परिणाम असा की, यजमानाने लग्नमुंज दुसऱ्या ब्राह्मणाकडून लावून घेतली तरी गावजोशी दक्षिणेसाठी दिवाणी दावा लावू शके आणि जिंकतही असे. न केलेल्या कामाचे पैसे न्यायालयामार्फत वसूल होत होते.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापून भटजीविना लग्ने लावण्यास सुरुवात केली, तिचा विचार आपण धार्मिक व सामाजिक बंड म्हणून करतो, ते योग्यच आहे. पण जुन्नर तालुक्यातील ओतूरच्या प्रकरणात जोशांनी जो दावा लावला आणि जो उच्च न्यायालयापर्यंत गेला, त्यात न्यायालयापुढचा प्रश्न अगदी व्यवहारी होता: ग्राहकाने सेवा घेतलीच नाही तर सेवेच्या वंशपरंपरागत मक्तेदाराला पैसे द्यावे लागतील काय? या प्रश्नाचा निकाल अखेर विधिमंडळाला लावावा लागला. रावबहादूर सीताराम केशव बोले यांच्या पाठपुराव्याने १९२६ मध्ये मुंबई कायदेमंडळाने कायदा केला आणि ज्याला बोलावले नाही त्या जोशाचा दक्षिणेवरचा हक्क रद्द झाला. बोले यांचे नाव सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या १९२३ च्या ठरावासाठी घेतले जाते. या दुसऱ्या कामाची आठवण फारशी कोणी काढत नाही. माझ्या मते मराठी भूमीवरील मक्तेदारीविरोधी कायद्यांच्या यादीत या कायद्याचा क्रमांक पहिल्या काहींत लागावा. इथेही मक्ता टिकला तो न्यायालयाच्या शिक्क्यामुळे आणि मोडला तो शिक्का काढून घेतल्यामुळे. जोशाला दंड करावा लागला नाही किंवा त्याच्यावर नियंत्रक नेमावा लागला नाही.

स्वातंत्र्यानंतरची कहाणी यापेक्षा अधिक परिचित आहे. संपत्तीचे केंद्रीकरण सर्वसामान्यांना अपायकारक होईल असे होऊ नये, अशी अपेक्षा घटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात आहे. महालनोबिस समितीचा अहवाल १९६४ चा. त्याच वर्षी न्यायमूर्ती के. सी. दासगुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली मक्तेदारी चौकशी आयोग नेमला गेला आणि त्याने १९६५ मध्ये अहवाल दिला. पुढे आर. के. हजारी यांनी औद्योगिक परवान्यांचा अभ्यास केला. त्यांत जे आढळले ते प्रशासनातल्या माणसाने शांतपणे पुन्हा वाचावे असे आहे. परवाना पद्धत आणली होती ती मोठ्या घराण्यांना आवर घालण्यासाठी. प्रत्यक्षात मोठी घराणी एकाच मालासाठी वेगवेगळ्या नावांनी अनेक अर्ज करीत, परवाने मिळवून ठेवीत आणि कारखाना काढला नाही तरी दुसऱ्याचा मार्ग अडवीत. दिल्लीत कार्यालय आणि दिल्लीत ओळखी असणाऱ्यालाच हे साधत होते.

यावर उपाय म्हणून १९६९ चा मक्तेदारी व निर्बंधात्मक व्यापारी प्रथा कायदा आला आणि १ जून १९७० पासून लागू झाला. सर्वजण त्याला एमआरटीपी म्हणत. या कायद्याने मोठेपणाचे माप मालमत्तेवर ठरवले. परस्परसंबंधित कंपन्यांची मालमत्ता २० कोटी रुपयांवर गेली की विस्तारासाठी केंद्र सरकारची पूर्वपरवानगी घ्यायची. ही मर्यादा १९८५ मध्ये १०० कोटी झाली. ज्या परवान्याने मक्ता निर्माण होत होता त्यावर आणखी एक परवाना, असे या उपायाचे स्वरूप होते. विस्ताराचे प्रकरण आयोगाकडे पाठवायचे की नाही हे सरकार ठरवी, पाठवले तरी आयोगाचे मत सल्ल्यापुरते. आणि सरकारी उपक्रम कायद्याच्या कक्षेबाहेर! त्या काळात टेलिफोनसाठी वर्षानुवर्षे प्रतीक्षायादीत नाव लावून बसलेल्या वाचकांना या अपवादाचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

या कायद्याचे पुनर्विलोकन वारंवार झाले. सच्चर समितीने १९७८ मध्ये अहवाल दिला. त्यानुसार १९८४ मध्ये फसव्या जाहिरातींसारख्या अनुचित प्रथा कायद्यात आल्या आणि आयोगाचा बराच वेळ ग्राहकांच्या तक्रारींत जाऊ लागला. ते काम उपयुक्त होते, पण भाव ठरवणाऱ्या टोळ्या त्यात निसटल्या. आयोग फार तर ‘यापुढे असे करू नका’ असे सांगू शके. संगनमताबद्दल दंड करण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. याज्ञवल्क्याच्या १०८० पणांपेक्षाही हे सौम्य. १९९१ मध्ये पूर्वपरवानगीचे कलम गेले, सरकारी उपक्रमही कक्षेत आले आणि या कायद्याचा जुना प्राण निघून गेला.

महाराष्ट्रात याच काळात सरकारने स्वतः एक मक्ता घेतला होता. १९७१ च्या कायद्यान्वये आलेली आणि १९७२ च्या हंगामापासून चाललेली कापूस एकाधिकार खरेदी योजना. व्यापारी व दलाल शेतकऱ्याला लुबाडतात हे निदान चुकीचे नव्हते. हमी भावाने अनेक वर्षे शेतकऱ्याला आधारही दिला. पण विकत घेणारा एकच उरला, चुकारे लांबू लागले आणि शेजारच्या राज्यात भाव चढला की विदर्भातला कापूस रात्री सीमेपलीकडे जाऊ लागला. माळव्याच्या उंटांची आठवण व्हावी असाच हा प्रकार. योजनेतील एकाधिकार २००२ च्या सुमारास संपला. तिचा तोटा कोणी भरला याची चर्चा पुष्कळ झाली. तो टाळायचा तर पहिल्याच दिवशी व्यापाऱ्यांच्या संगनमतावर कारवाई करणारी यंत्रणा असायला हवी होती, हा मुद्दा मात्र तितकासा चर्चिला गेला नाही.

ऑक्टोबर १९९९ मध्ये एस. व्ही. एस. राघवन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिने मे २००० मध्ये अहवाल दिला आणि त्यातून स्पर्धा कायदा, २००२ जन्मला. कंपनीचे मोठे असणे हा दोष नाही. त्या मोठेपणाचा गैरवापर, आपसांतले संगनमत आणि स्पर्धा मारणारी विलीनीकरणे यांवर नजर ठेवायची, हा त्यातला मूलभूत बदल होय. तो योग्यच होता. भारतीय स्पर्धा आयोग १४ ऑक्टोबर २००३ रोजी कागदोपत्री स्थापन झाला आणि तिथेच अडकला. आयोगाचे काम न्यायदानाचे, मग त्याच्या अध्यक्षपदी प्रशासकीय अधिकारी कसा, असा आक्षेप घेऊन ब्रह्म दत्त यांनी सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. जानेवारी २००५ मध्ये न्यायालयाने याचिका निकालात काढली आणि तज्ज्ञ नियामक व न्यायदान करणारी संस्था वेगळ्या ठेवता येतील असे सुचवले. २००७ ची दुरुस्ती त्यानुसार झाली व अपील न्यायाधिकरण आले. संगनमत आणि गैरवापराची कलमे प्रत्यक्ष अमलात आली ती २० मे २००९ रोजी. कायदा संमत झाल्यापासून सहा वर्षे देशात एक मरणोन्मुख कायदा आणि एक न जन्मलेला कायदा शेजारीशेजारी राहिले. माझ्या सेवेतील काही बांधवांना ती याचिका म्हणजे सेवेवरचा अविश्वास वाटला. मला तसे वाटत नाही. दंड करण्याचा अधिकार ज्याच्या हाती द्यायचा, त्याची नेमणूक कोण करतो हे विचारलेच पाहिजे.

नव्या आयोगाकडे जुने कागद आले. त्यांतले गोव्याचे एक प्रकरण मला फार बोलके वाटते. सासष्टीतील वार्का येथील एका औषधविक्रेत्याने व इतरांनी तक्रार केली होती की, औषधविक्रेत्यांची संघटना संमतीपत्र देईपर्यंत कंपन्या नवा घाऊक वितरक नेमत नाहीत, आणि न ऐकणाऱ्यावर बहिष्कार येतो. जून २०१२ मध्ये आयोगाने संघटनेला दोषी ठरवून दोन लाख रुपये दंड केला. रक्कम किरकोळ, पण जोशीवतनाच्या खटल्यांनंतर इतक्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न गोव्याच्या औषधपेठेत उभा राहिला होता: दुकान कोणी उघडावे हे आधीचे दुकानदार ठरवणार काय? असा ‘ना हरकत’चा दाखला बहुतेक राज्यांत घ्यावा लागत असे.

दुसरे प्रकरण सरकारी निविदांचे. निविदा उघडण्याच्या टेबलावर ज्याने काही वर्षे काढली आहेत त्या प्रत्येकाला ‘रिंग’ हा शब्द ठाऊक असतो. ठेकेदार आपसांत ठरवून पाळीपाळीने कामे घेतात, दर ठरवलेले असतात, लिफाफे फक्त शोभेला. एका नेमणुकीत माझ्यासमोर तीन लिफाफ्यांतून पैशापर्यंत सारखाच दर निघाला तेव्हा शेजारचा लेखाधिकारी एवढेच म्हणाला, “साहेब, नियमात बसते. सर्वांत कमी दर तिघांचाही आहे.” तेव्हा फेरनिविदा काढण्यापलीकडे हाती काही नव्हते. भारतीय अन्न महामंडळाने २००९ मध्ये धान्याच्या गोदामांत वापरायच्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांची निविदा काढली आणि तीन कंपन्यांनी किलोला ३८८ रुपये असा एकच दर भरला. महामंडळाने स्पर्धा आयोगाला कळवले. एप्रिल २०१२ मध्ये आयोगाने तिघांना मिळून सुमारे ३१८ कोटी रुपये दंड केला. कंपन्यांचे म्हणणे, निविदा ८ मे रोजी भरल्या आणि कायदा २० मे रोजी लागू झाला. तो मुद्दा टिकला नाही. दुसरा मुद्दा मात्र टिकला. दंड कंपनीच्या एकूण उलाढालीवर धरायचा की ज्या गोळ्यांत संगनमत झाले त्यांच्याच उलाढालीवर? अपील न्यायाधिकरणाने दुसरे माप धरले, ८ मे २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले आणि दंड सुमारे दहा कोटींवर आला.

न्यायालयाचा तर्क प्रमाणबद्धतेचा होता आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाही. शंभर वस्तू बनवणाऱ्या कंपनीला एका वस्तूसाठी शंभरांचा दंड का? परंतु पकडले जाण्याची शक्यता दहात एक असेल तर दहा कोटींचा दंड म्हणजे धंद्याचा एक खर्चच नव्हे काय? २०१८ मध्ये इंजेती श्रीनिवास यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पुनर्विलोकन समितीचा अहवाल २०१९ मध्ये आला आणि त्यातील शिफारशींवर आधारलेली २०२३ ची दुरुस्ती झाली. तीत उलाढाल म्हणजे जगभरातील एकूण उलाढाल अशी व्याख्या आली व मार्च २०२४ पासून ती लागू आहे. तडजोडीची सोय आली, दोन हजार कोटींवरचे मोठे सौदे तपासणीच्या कक्षेत आले. गुगलसारख्या कंपन्यांच्या संदर्भात या व्याख्येचे महत्त्व युरोप-अमेरिकेतील वाचकांना सांगायला नको.

कायद्याच्या मजकुरापेक्षा कामकाजाची शिस्त किती निर्णायक ठरते, हे सिमेंटच्या प्रकरणात दिसले. जून २०१२ मध्ये आयोगाने सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड केला. डिसेंबर २०१५ मध्ये न्यायाधिकरणाने तो आदेश रद्द केला. कारण? ज्यांनी आदेशावर सही केली त्या अध्यक्षांनी तोंडी युक्तिवाद ऐकलाच नव्हता. महसुली अपिलात तहसीलदारालाही ठाऊक असलेला नियम: ज्याने ऐकले त्याने निकाल द्यावा. ऑगस्ट २०१६ मध्ये नव्याने आदेश निघाला, २०१८ मध्ये अपिलात तो कायम झाला आणि पुढे सर्वोच्च न्यायालयात गेला. मधल्या काळात ज्याने घर बांधले त्याने सिमेंटचे पैसे भरलेच.

आणि आता पुन्हा मक्त्याच्या मूळ मालकाकडे. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले. कोराडी, खापरखेडा, चंद्रपूर येथील औष्णिक केंद्रे चालवणाऱ्या महाराष्ट्र राज्य वीजनिर्मिती कंपनीने २०१२ मध्ये कोल इंडिया आणि तिच्या नागपूरस्थित वेस्टर्न कोलफिल्ड्ससह दोन उपकंपन्यांविरुद्ध स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कोळशाची प्रत ठरल्यापेक्षा हलकी, नमुने घेण्याची पद्धत विक्रेत्याच्या सोयीची, कराराच्या अटी एकतर्फी, आणि दुसरीकडे जाण्याची सोय नाही. सरकारी कंपनीने सरकारी कंपनीला जाब विचारला होता. डिसेंबर २०१३ मध्ये आयोगाने १७७३ कोटी रुपये दंड केला. न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये प्रकरण परत पाठवले. मार्च २०१७ मध्ये दंड ५९१ कोटी झाला. कोल इंडियाचे म्हणणे असे की, आम्हाला मक्ता संसदेने दिला आहे, आम्ही सार्वजनिक हिताचे काम करतो, सबब स्पर्धा कायदा आम्हाला लागू नाही. १५ जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे म्हणणे फेटाळले. कायदा सरकारी कंपनीलाही लागू आहे, असा निर्वाळा देऊन गुणावगुणांचा प्रश्न पुढील सुनावणीसाठी ठेवला.

याच कायद्याच्या ५४ व्या कलमानुसार केंद्र सरकारला अधिसूचना काढून कोणत्याही वर्गातील उद्योगाला कायद्यातून सूट देता येते. ते कलम २००२ मध्ये होते, २००७ आणि २०२३ च्या दुरुस्त्यांनंतरही ते आहे.